मातीची फौज



दिवाळी जवळ आली कीं नाशिकच्या वाड्यांच्या अंगणांत मुलांचे मातीचे किल्ले उभे राहूं लागतात. दगडविटांवर चिखलाचा लेप, त्यावर हळिवाची हिरवळ, माथ्यावर सिंहासनस्थ शिवाजीमहाराज आणि उतारावर इतस्ततः मावळे, हें दृश्य आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. किल्ला आपण स्वतः बांधतों. फौज मात्र बाजारांतून आणतों. ती फौजहि घरींच घडवावी, रंगवावी आणि तिची जुळणी विचारपूर्वक करावी, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

हा छंद केवळ बालिश आहे असें कोणी समजूं नये. ज्या देशानें चतुरंग सेना पटावर मांडून जगाला बुद्धिबळाचा खेळ दिला, त्या देशाला लहान सैन्याचें नावीन्य तें काय? युरोपांत १८२४ सालीं राइस्विट्झ नांवाच्या प्रशियन अधिकाऱ्यानें लष्करी शिक्षणासाठीं नकाशावरील युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. आणि १९१३ सालीं एच्. जी. वेल्स या विख्यात इंग्रज लेखकानें खेळण्यांतल्या शिपायांनीं लढाई कशी खेळावी यावर एक पुस्तकच लिहिलें.

प्रथम प्रसंग निवडावा. नाशिककरांस तो दूर शोधावयास नको. शहराच्या उत्तरेस, जेथें रामाची शेज होती अशी लोकांची श्रद्धा आहे, तो रामसेज किल्ला आहे. १६८२ सालीं औरंगजेबाच्या आज्ञेनें शहाबुद्दीनखानानें त्याला वेढा घातला. किल्ला तसा ठेंगणा. पण तो कित्येक वर्षें झुंजला. मोगलांनीं माऱ्यासाठीं लांकडी दमदमा उभारला. किल्लेकऱ्यांनीं लोखंडी तोफांच्या अभावीं लांकडाच्या नळ्या कातड्यानें मढवून त्यांचा तोफांसारखा उपयोग केला, असें मोगल इतिहासकार खाफीखान सांगतो. आपल्या किल्ल्यावर अशी एक कातडीबंद तोफ आणि समोर काड्यांचा एक दमदमा मांडला, तर पाहणारा मूल असो वा वृद्ध, तो प्रश्न विचारल्यावांचून राहणार नाहीं.

आतां जुळणी. बाजारांतल्या फौजेंत सेनापति फार आणि सैनिक थोडे असतात. खरी फौज कशी असे, हें पाहावयाचें तर कृष्णाजी अनंत सभासदाची बखर उघडावी. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथें लिहिलेल्या या बखरींत शिवकालीन घोडदळाची रचना दिली आहे. पंचवीस स्वारांवर एक हवालदार, पांच हवाल्यांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद! पखालजी पाणी पुरवीत असे, नालबंद घोड्यांचे नाल ठोकीत असे. हे दोघे नसतील तर स्वारांची तरवार कितीहि तेजस्वी असो, घोडा चार मजलांत लंगडतो किंवा तहानेनें बसतो. म्हणून माझी सूचना अशी कीं, पंचवीस स्वारांची एकच तुकडी करावी, पण तीं दोन माणसें वगळूं नयेत. गडावरहि केवळ भालाईत नकोत. हवालदार, सरनौबत आणि सबनीस हे तिघे हवेत, आणि सबनिसाच्या हातीं तरवारीऐवजीं लेखणी द्यावी.

प्रमाणाविषयीं थोडें गणित. साडेपांच सेंटिमीटर उंचीचा मावळा केला, तर प्रमाण साधारण एकास तीस पडतें. त्या मानानें दीडशे मीटर उंचीचा डोंगर पांच मीटरांचा करावा लागेल. तो अंगणांत मावणार नाहीं. म्हणून डोंगर लहान असावा, पण माणूस, घोडा व शस्त्र यांचें परस्परांशीं प्रमाण चुकूं देऊं नये. दक्षिणेकडील तट्टू ठेंगणें व काटक. त्याची पाठ सवाचार सेंटिमीटरांहून फारशी उंच नसावी.

शाडू मळतांना त्यांत पिंजलेला कापूस मिसळावा, म्हणजे चिरा कमी पडतात. घोड्यांच्या पायांत बारीक तार घालावी, भाल्यांस खराट्याचे हीर वापरावे आणि मूर्ति सावलींतच वाळवाव्या. पुष्कळ शिपाई हवे असल्यास एक नमुना हातानें घडवून त्यावरून प्लास्टरचा दोन भागांचा साचा करावा. ओली मूर्ति साच्यांतून निघतांच मान व हात किंचित् वळविले कीं एकासारखा दुसरा दिसत नाहीं. वाळल्यावर खडूची भुकटी व डिंक यांचा पांढरा हात द्यावा. मग आंतून बाहेर, म्हणजे आधीं त्वचा, मग वस्त्रें, शेवटीं पट्टे व शस्त्रें, असें रंगवीत जावें. वस्त्राच्या चुण्यांत गडद पातळ रंग सोडावा व उंचवट्यांवर फिकट रंगाची रेघ ओढावी. डोळ्यांस एकेक ठिपका पुरतो.

सर्व मावळे भगवे आणि सर्व मोगल हिरवे, ही वांटणी मात्र सोडून द्यावी. त्या काळीं साऱ्या फौजेला एकच गणवेश नसे. न रंगविलेलें पांढुरकें सूत, मंजिष्ठेचा तांबडा, निळीचा निळा, असे रंग दोन्ही बाजूंस दिसावे. मोगलांच्या फौजेंत राजपूत होते, बुंदेले होते. त्यांचे चेहरे राक्षसांचे करूं नयेत. बलाढ्य आणि शूर शत्रूशीं रामसेज झुंजला, यांतच त्याच्या झुंजीचें मोल आहे.

खेळ मांडावयाचा झाल्यास एक नियम अवश्य ठेवावा : ज्या तुकडीचा पखालजी पडला, तिची चाल निम्मी. मुलें दुसऱ्याच डावांत त्या पखालवाल्याला मधोमध ठेवून त्याचें रक्षण करूं लागतील, आणि रसद म्हणजे काय हें त्यांस निराळें शिकवावें लागणार नाहीं.

अनंतचतुर्दशीपासून धनत्रयोदशीपर्यंत सुमारें सहा आठवडे मिळतात. गणपतीसाठीं आणलेला शाडू उरलाच असेल, तर तो टाकूं नका. पहिली मूर्ति पखालजीची करा.