रोजा, प्रवास आणि आजारपण : सवलत घेण्यात कमीपणा नाही

रमजानच्या दिवसांत सूर्यास्ताच्या सुमारास सातारा-सांगली भागातल्या एसटीत एक दृश्य हमखास दिसते. कोणीतरी घड्याळाकडे पाहत खजुराची पुडी उघडतो आणि शेजारचा प्रवासी, तो कोणत्याही धर्माचा असो, आपली पाण्याची बाटली पुढे करतो. त्याचे इथे कोणाला नवल वाटत नाही. मात्र रोजा कोणी ठेवावा आणि कोणी ठेवू नये, हे शेजाऱ्यांनाच काय, अनेक मुस्लिम घरांतही नीट ठाऊक नसते.

पवित्र कुरआनमधील सूरह बकराने रोजे फर्ज केले, तिथेच आजारी आणि प्रवासी या दोघांना सवलतही दिली. सुटलेले रोजे त्यांनी नंतरच्या दिवसांत पूर्ण करावेत. वार्धक्य किंवा कायमच्या आजारामुळे तेही शक्य नसेल, तर प्रत्येक रोजाबद्दल एका गरिबाला जेवू घालावे. यालाच फिदया म्हणतात.

तरीही घरातले मधुमेही आजोबा 'लोक काय म्हणतील' म्हणून कोणालाही न सांगता गोळ्या बंद करतात आणि रोजा धरतात. अशाने जिवावर बेतू शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी आणि गरोदर महिलांनी आधी डॉक्टरांना विचारावे. औषधांच्या वेळा आणि मात्रा त्यांच्याकडूनच बदलून घ्याव्यात. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली, तर रोजा लगेच सोडावा. उन्हात काम करताना चक्कर आली, बोलण्यात असंबद्धपणा आला, तर सावलीत न्यावे, अंग ओले करावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सहरी चुकवू नये. इफ्तारनंतर पाणी एकदम न पिता झोपेपर्यंत थोडे थोडे प्यावे.

रमजानमध्ये उमराहला जाणाऱ्यांची संख्याही मोठी असते. सौदी अरेबियात पोहोचण्याच्या किमान 10 दिवस आधी मेनिन्जायटिसची लस घ्यावी लागते. रोजची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवावी. परतल्यावर ताप-खोकला असेल, तर भेटायला येणाऱ्यांना चार दिवस थांबवावे आणि डॉक्टरांना प्रवासाची माहिती द्यावी.

हे का सांगायचे, ते सांगली जिल्ह्याने अनुभवले आहे. मार्च 2020 मध्ये सौदी अरेबियाहून इस्लामपूरला परतलेल्या एकाच कुटुंबातील चौघांना कोरोना झाल्याचे निष्पन्न झाले. काही दिवसांतच रुग्णसंख्या पंचविशीच्या घरात गेली. संपर्कातील लोक शोधून वेगळे ठेवण्यात आले, गावाच्या सीमा बंद झाल्या, मिरजेत उपचार झाले आणि ते सारे रुग्ण बरे होऊन घरी परतले. त्यानंतर आलेल्या रमजानमध्ये तरावीह घरोघरी झाली. 25 मे रोजीची ईदही ईदगाहऐवजी घरातच साजरी झाली.

ही शिकवण नवी नाही. जिथे साथ असेल तिथे जाऊ नये आणि आपण असू तिथे साथ आली तर तिथून बाहेर पडू नये, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले होते. सुमारे 1400 वर्षांपूर्वी हजरत उमर सीरियाला निघाले असता तिथे प्लेग पसरल्याचे कळताच वाटेतूनच मागे फिरले. खलिफांना परत फिरण्यात कमीपणा वाटला नाही.

म्हणून यंदा घरातले कोणी रोजाला नसेल, तर कारण विचारून त्यांना ओशाळे करू नये. इफ्तारच्या दस्तरखानावर त्यांनाही तितक्याच मायेने बसवावे.