साडेसात मिनिटे आणि आठ तास
वॉल्टर स्कॉट हा पन्नाशीतला कृष्णवर्णीय माणूस पाठमोरा पळतो आहे आणि मागून पोलीस अधिकारी गोळ्या झाडतो आहे. एप्रिल २०१५, अमेरिकेतले नॉर्थ चार्ल्सटन. एका वाटसरूने मोबाइलवर टिपलेले हे दृश्य वृत्तवाहिन्यांनी दळण दळावे तसे पुन्हा पुन्हा दाखवले. अमेरिकन कलावंत आर्थर जाफांनी २०१६ साली ‘लव्ह इज द मेसेज, द मेसेज इज डेथ’मध्ये तेच घेतले, पण निमिषभर. ‘अरेरे’ म्हणायलाही फुरसत मिळत नाही; तोवर बास्केटबॉलपटू उडी घेतो, कुणी नाचते, मोटारीतून मार्टिन ल्यूथर किंग जातात, सूर्याचा पृष्ठभाग धगधगतो.

जेमतेम साडेसात मिनिटांची ही चित्रफीत. बहुतेक फुटेज उसने. काही ठिकाणी छायाचित्र-संस्थेचा शिक्काही तसाच ठेवलेला. मासिकांतली चित्रे कापून वह्यांत शेजारी-शेजारी लावायची जाफांना जुनी सवय. हे संकलन तिथूनच आले. कृष्णवर्णीय गायक सुराला हेलकावे देतो, तशी पडद्यावरची हालचाल व्हावी हा त्यांचा ध्यास. त्यासाठी ते काही फ्रेम गाळतात, काही दुबार वापरतात आणि गती किंचित अडखळते.

मागे रॅपर कान्ये वेस्टचे ‘अल्ट्रालाइट बीम’ घुमत असते. खरे तर गाणे जरा जास्तच काम करते. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडू लागले, तेव्हा या स्वस्त अश्रूंबद्दल खुद्द जाफाच साशंक झाले. पुढे ‘द व्हाइट अल्बम’मध्ये त्यांनी रोख गोऱ्यांकडे वळवला, त्यासाठी २०१९ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात त्यांना गोल्डन लायन पुरस्कार मिळाला.

पण श्रमांचे काय? मरणाची निदान बातमी होते. पाळी भरून घरी जाणाऱ्याची तीही नाही.

अशाच पाळीवरची अमेरिकन चित्रपटकार केव्हिन जेरोम एव्हरसन यांची ‘पार्क लेन्स’ (२०१५) ही फिल्म आठ तास चालते. बोलिंगच्या खेळाचे साहित्य बनवणाऱ्या व्हर्जिनियातल्या कारखान्यातली एक पाळी, जवळजवळ तेवढ्याच लांबीची. निवेदन नाही, मुलाखती नाहीत. जोडणी, मग पुन्हा जोडणी, मध्ये सुट्टी, परत काम. कामगारांत कृष्णवर्णीय आहेत, इतरही आहेत. कुणाची कीव यावी अशी सोय एव्हरसन करत नाहीत. कंटाळा येतो, आणि तो यावाच, कारण कामातही तो असतो.

सिनेमाचे आद्य प्रवर्तक ल्युमिएर बंधूंनी १८९५ मध्ये कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार टिपले होते. एव्हरसन यांनी २०१३ साली ‘वर्कर्स लीव्हिंग द जॉब साइट’ करून त्या दृश्याची आठवण काढली. ल्युमिएरांचा कॅमेरा फाटकाबाहेर उभा होता. ‘पार्क लेन्स’चा आतच मुक्काम ठोकतो.