रेघेपुरतं अक्षर

लोंड्रिना हा फाँट मूळचा साओ पाउलोच्या रस्त्यावरचा. तिथल्या हाताने रंगवलेल्या पाट्या पाहून मार्सेलो मागाल्याइस या ब्राझिली डिझायनरने तो बेतला. गूगल फाँट्सवर तो फुकट मिळतो. त्याचे भरीव, सावलीचा, खरडल्यासारखा आणि आउटलाइन असे चार अवतार आहेत. त्यातला आउटलाइन मला सर्वांत आवडतो आणि लोक सर्वांत जास्त चुकीचा वापरतात तोही तोच.

अंगाने उभट, थोडा वाकडातिकडा, आणि भोवती एक बारीक रेघ. आत रंग नाही, मागचं जे असेल ते आरपार दिसतं. आपल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पिवळ्या नावाला लाल आउटलाइन मारतात, ती फोटोच्या गर्दीत नाव हरवू नये म्हणून. इथे मात्र रेघ हेच अक्षर. ती गेली की सगळंच गेलं.

म्हणून तिला जागा लागते. रोमन ‘बी’ घ्या. भरीव ‘बी’ला तीन कडा असतात: बाहेरची एक आणि पोटातल्या दोन खिडक्यांच्या दोन. आउटलाइनमध्ये प्रत्येक कड दुहेरी होते, म्हणजे सहा. शिवाय दांड्याच्या आतलं पांढरं, खिडकीतलं पांढरं आणि बाहेरचं पांढरं, तिन्ही सारखीच दिसतात. अक्षर मोठं असेल तर डोळा ती वेगळी करतो. लहान केलं की जाळं होतं. परिच्छेद या फाँटमध्ये लावणाऱ्याला वाचकाचा राग असावा! शिशाच्या खिळ्यांच्या काळातही अशी अक्षरं मोठ्या आकारातच शोभत, कारण बारीक रेघ दाबाने झिजे आणि शाई जास्त झाली की पोट भरून जाई. 1960च्या दशकात लेट्रासेटची घासून चिकटवायची अक्षरं आली आणि शिशाची ही कटकट संपली. पोस्टर, रेकॉर्डचं कव्हर, दुकानाची काच, टी-शर्ट, मुलांनी रंगवायची पानं: एक-दोन शब्द, भरपूर मोकळी जागा, ही लोंड्रिना आउटलाइनची खरी कामं. फोटोवर टाकायचा असेल तर आकाश किंवा भिंत शोधावी. झाडाच्या पानांवर तो दिसेनासा होतो.

लोंड्रिनात देवनागरी नाही. देवनागरीत असा फाँट करायचा तर पहिली अडचण शिरोरेषेची. रोमन अक्षरं सुटी उभी राहतात, आपली एकमेकांना धरून असतात. शेजारच्या दोन शिरोरेषांमध्ये फट दिसू नये म्हणून फाँटमध्ये त्या सहसा थोड्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. भरीव अक्षरात ते कळत नाही. आउटलाइन केली की प्रत्येक जोडावर भिंत उभी राहते, आणि ‘कमळ’चे तीन डबे होतात. काना, वेलांटी, रफार जिथे टेकतात तिथेही तेच. फाँट करणाऱ्याने शब्दाच्या आरंभाला, मध्ये आणि शेवटाला अक्षराची वेगवेगळी रूपं काढून ठेवली तर हे टळतं, पण त्यात काम कितीतरी पट वाढतं.

पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला ही अडचण कधीच आली नाही. तो आधी अख्खा शब्द रंगवतो आणि मग बारीक ब्रशने त्याच्याभोवती फिरतो.

फ्लेक्सवाले संगणकावर तेच करतात. कोरलड्रॉ या प्रोग्राममध्ये मजकूर कर्व्ह करायचा, सगळे तुकडे वेल्ड करायचे म्हणजे एकमेकांत जोडून टाकायचे, भरलेला रंग काढायचा आणि हेअरलाइन द्यायची. शिरोरेषा सलग धावते. फक्त त्यानंतर ते अक्षर उरत नाही, चित्र होतं. गिऱ्हाइकाने ‘शुभेच्छा’तली उकाराची चूक काढली की पहिल्यापासून टाइप करा.