दीपगृह आणि कवटीवरची शाल

आधुनिकतावादी साहित्याच्या अभ्यासात प्रतीकांविषयीचा एक गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. प्रत्येक प्रतीकाला एकच ठरलेला अर्थ असतो, लेखकाने तो मजकुरात दडवून ठेवलेला असतो आणि तो हाती लागला की कलाकृती समजली, अशा समजुतीने विद्यार्थी कादंबरीकडे वळतात. परीक्षेसाठीच्या मार्गदर्शकांतही समुद्र म्हणजे काळ, प्रकाश म्हणजे सत्य असे हिशेब तयार करून ठेवलेले असतात. व्हर्जिनिया वुल्फ यांची ‘टू द लाइटहाउस’ ही 5 मे 1927 रोजी प्रसिद्ध झालेली कादंबरी असे हिशेब मुळातूनच मोडून काढते, आणि म्हणूनच आधुनिकतावादी प्रतीक कसे वाचावे हे शिकण्यासाठी तिच्याइतका चांगला धडा सापडणे कठीण आहे.

आधुनिकतावाद ही संज्ञा साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत युरोप-अमेरिकेत झालेल्या वाङ्मयीन व कलाविषयक उलथापालथीसाठी वापरली जाते. जुन्या श्रद्धांचा आधार सुटत चालला होता, पहिल्या महायुद्धाने माणसाच्या प्रगतीवरचा विश्वास हादरवला होता आणि मन ही एकसंध वस्तू नाही याची जाणीव मानसशास्त्राने करून दिली होती; अशा वेळी सर्वज्ञ निवेदकाने सलग सांगितलेली गोष्ट लेखकांना अपुरी वाटू लागली. कलाकृतीतून पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या रूपांत वर येणारी जी मूळ चिंता असते तिला आशयसूत्र म्हणतात. प्रतीक म्हणजे अशी वस्तू किंवा घटना, जी कथेत आपल्या जागी खरीखुरी असते आणि तरीही स्वतःपलीकडचे काही सुचवत राहते. रूपककथेत हा पलीकडचा अर्थ नेमका आणि जाहीर असतो. एकनाथांच्या भारुडातला विंचू म्हणजे काम-क्रोध, हे भारूड स्वतःच सांगून टाकते आणि त्यातच त्याचे बळ असते, कारण तिथे लोकशिक्षण हाच हेतू असतो. आधुनिकतावादी प्रतीक मात्र अर्थ जाहीर करत नाही. ते ज्याच्या नजरेला पडते त्याच्या मनाप्रमाणे आणि ज्या प्रहरी पडते त्या प्रहराप्रमाणे बदलत जाते.

कादंबरीचे कथानक अगदी थोडक्यात सांगता येते. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरील एका उन्हाळी घरात रॅमझी दांपत्य, त्यांची आठ मुले आणि काही पाहुणे जमले आहेत. सहा वर्षांच्या जेम्सला दुसऱ्या दिवशी होडीने दीपगृहावर जायचे आहे, आई त्याला आशा लावते आणि हवा चांगली नसेल असे सांगून तत्त्वज्ञ वडील त्या आशेवर पाणी ओततात. पहिला भाग या एका संध्याकाळचा, दुसरा दहा वर्षांचा, तिसरा एका सकाळचा. त्या सकाळी वडील, जेम्स आणि त्याची बहीण कॅम अखेर दीपगृहावर पोहोचतात आणि त्याच वेळी किनाऱ्यावर लिली ब्रिस्को ही चित्रकर्ती दहा वर्षे अडलेले चित्र पुरे करते. या मांडणीचा आराखडा वुल्फ यांनी आपल्या टिपणवहीत दोन ठोकळे आणि त्यांना जोडणारी अरुंद पट्टी असा काढून ठेवला होता.

लेखिकेचे बालपण या मजकुराला अगदी लगटून आहे. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हज येथील टॅलंड हाउसमध्ये तिच्या कुटुंबाचे उन्हाळे जात आणि तिथून गॉड्रेव्हीचे दीपगृह दिसे. 1895 मध्ये आई ज्युलिया वारल्यावर ते दिवस संपले. वडील लेस्ली स्टीफन हे ‘डिक्शनरी ऑफ नॅशनल बायोग्राफी’ या वर्णानुक्रमे रचलेल्या चरित्रकोशाचे पहिले संपादक होते, कादंबरीतले श्री. रॅमझी मानवी विचार हा वर्णमालेसारखा क्रमाने चढत जाणारा मानतात आणि आपण ‘क्यू’पर्यंत आलो, ‘आर’ काही गाठता येत नाही, म्हणून खंतावतात, हा धागा चरित्राचा जाणकार वाचक लगेच ओळखतो. पण चरित्राची ही माहिती दाराशीच ठेवून आत शिरावे हे बरे, कारण श्रीमती रॅमझी म्हणजे ज्युलिया असे समीकरण मांडून थांबणे ही त्या हिशेबांचीच दुसरी तऱ्हा होय.

दीपगृहाकडे येऊ. पहिल्या भागात श्रीमती रॅमझी विणकाम करीत एकट्या बसल्या असता त्याचा फिरता झोत खिडकीतून आत येतो. तीन झोतांपैकी शेवटचा लांब, स्थिर झोत त्यांना आपला वाटतो, जणू त्यांचेच डोळे त्यांच्याकडे पाहत आहेत, आणि थोड्याच वेळात तोच प्रकाश त्यांना निर्दय भासू लागतो. लहानग्या जेम्सच्या लेखी ते धुक्यातले रुपेरी, पिवळा डोळा उघडणारे अद्भुत असते. दहा वर्षांनी होडी जवळ येते तेव्हा त्याला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा ताठ मनोरा दिसतो, पांढरे झालेले खडक दिसतात आणि त्या खडकांवर वाळत घातलेले कपडेही दिसतात. येथे एखाद्या कमकुवत लेखकाने मुलाचा भ्रमनिरास रंगवला असता. जेम्सला मात्र असे उमगते की हेही दीपगृह आणि तेही दीपगृहच, कोणतीही वस्तू नुसती एकच कधी नसते. होडी किनाऱ्याला लागायच्या सुमारास लिलीला ते निळसर धूसरतेत जवळपास दिसेनासे झालेले असते. एवढे सगळे वाचल्यावर दीपगृह म्हणजे काय, हा प्रश्न उरत नाही. ते कोणाला, कधी आणि कुठून दिसते हा प्रश्न उरतो. वुल्फ यांनीही रॉजर फ्राय या कलासमीक्षक मित्राला 1927 मध्ये पत्रातून कळवले होते की दीपगृहाने आपल्याला काहीच सुचवायचे नव्हते, पुस्तकाचा घाट सांभाळायला मधोमध एक रेषा लागते एवढेच, आणि वाचक तिथे आपापल्या भावना आणून ठेवतील असा भरवसा होता.

या कादंबरीतील सर्वांत सूक्ष्म प्रतीक मात्र दीपगृह नव्हे. ज्याच्याकडे बहुतेक अभ्यासक ओझरते पाहून पुढे जातात, ते मुलांच्या खोलीतले आहे. भिंतीवर रानडुकराची कवटी टांगलेली आहे; ती असताना कॅमला झोप येत नाही आणि ती काढायची म्हटले की जेम्स ओरडतो. श्रीमती रॅमझी अंगावरची शाल काढून कवटीभोवती गुंडाळतात, मग कॅमच्या कानाशी ती आता कशी पक्ष्याच्या घरट्यासारखी, डोंगरासारखी दिसते ते सांगत राहतात आणि जेम्सकडे वळून कवटी अजून जागच्या जागी आहे, कुणी तिला हात लावलेला नाही, अशी त्याची खात्री पटवतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मृत्यू नाकारलेला नाही आणि मुलेही निर्धास्त झोपली आहेत. आईने एका कापडाने हे साधले आहे. दुसऱ्या भागात घर ओस पडते, तेव्हा याच शालीची एक घडी सुटून लोंबकळते, पुढे आणखी एक सुटते. लेखिका त्यावर एका शब्दाचेही भाष्य करीत नाही, परंतु काळ, युद्ध आणि आईच्या हातांनी राखलेली व्यवस्था ही कादंबरीची तिन्ही आशयसूत्रे त्या सैल होणाऱ्या घड्यांत एकवटली आहेत.

या दुसऱ्या भागात माणसांपेक्षा वारा, धूळ आणि दमट भिंती यांना अधिक जागा मिळते. श्रीमती रॅमझींचा मृत्यू, बाळंतपणाशी संबंधित आजाराने गेलेली मुलगी प्रू आणि फ्रान्समध्ये तोफगोळ्याने मारला गेलेला अँड्र्यू या बातम्या केवळ चौकटी कंसांत, एकेका-दोन वाक्यांत उरकल्या जातात. पारंपरिक कादंबरीत ज्या प्रसंगांवर प्रकरणेच्या प्रकरणे खर्च झाली असती त्यांना कंसात ढकलणे हाच येथील अर्थ आहे. विरामचिन्हसुद्धा प्रतीकाचे काम करू शकते याचे इतके धीट उदाहरण दुर्मीळ आहे.

लिलीचे चित्र हे कादंबरीने स्वतःविषयी केलेले विवेचन म्हणता येईल. मायलेकराची प्रतिमा ती एका जांभळ्या त्रिकोणात आणते. जेवणाच्या मेजावर झाड चित्रात आणखी मध्ये घ्यायला हवे असे तिला सुचते आणि ते विसरू नये म्हणून ती मीठदाणी उचलून टेबलक्लॉथच्या नक्षीतील एका फुलावर ठेवते. समोर बसलेला पाहुणा चार्ल्स टॅन्सली स्त्रियांना चित्र काढता येत नाही, लिहिता येत नाही असे म्हणणारा आहे. त्याच्या बोलण्याला उत्तर म्हणून कादंबरी वाद घालत नाही, मीठदाणी पुढे करते. मराठी वाचकाला येथे बा. सी. मर्ढेकर आठवणे स्वाभाविक आहे. त्यांच्या ‘रात्रीचा दिवस’ (1942) या कादंबरीने संज्ञाप्रवाह, म्हणजे मनात उमटणाऱ्या जाणिवांचा अखंड ओघ टिपणारे निवेदन, मराठीत आणले आणि ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये त्यांनी संवाद, विरोध व समतोल हे लयीचे नियम मांडले. कलाकृतीतील घटकांचा अर्थ त्यांच्या परस्परसंबंधांतून घडतो, ही त्यांची दिशा वुल्फ यांच्या कादंबरीला चपखल लागू पडते. मर्ढेकरांचा सौंदर्यविचार क्लिष्ट म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांनी तो अशा एखाद्या कादंबरीच्या सोबतीने वाचून पाहावा.

एरिख आउअरबाख या जर्मन अभ्यासकाने नाझी राजवटीमुळे देश सोडून इस्तंबूलमध्ये राहत असताना लिहिलेल्या आणि 1946 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिमेसिस’ या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण याच कादंबरीतील एका मोज्यावर बेतलेले आहे. दीपगृहाच्या रखवालदाराच्या आजारी मुलासाठी विणलेला तपकिरी मोजा श्रीमती रॅमझी जेम्सच्या पायाला लावून लांबी पाहतात, तो आखूड भरतो. बाहेरून घडते ते एवढेच, आणि त्या अर्ध्या मिनिटात त्यांच्या मनात घर, मुले, पैसा आणि दुःख यांचा केवढा पसारा उलगडतो हे आउअरबाख ओळीओळीने दाखवतात. होमरपासून सुरू झालेल्या त्यांच्या ग्रंथाला मोज्यापाशी यावेसे वाटले, ही आधुनिकतावादाची सर्वांत नेमकी ओळख आहे. म्हणून या साहित्याकडे प्रथमच वळणाऱ्या वाचकाने दीपगृहाचा अर्थ शोधण्याची घाई करू नये. पहिल्या भागातील मोज्याचे ते पाचवे प्रकरण आधी दोनदा सावकाश वाचावे, आणि टीकाग्रंथ त्यानंतर उघडावेत.