पिस्तुलाची गोळी, रायफलीची नळी

ओहायोत दिवाळीचा फराळ आणि हरणांच्या शिकारीचा हंगाम पाठोपाठ येतात. त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात हातात चकली असताना कुणी ना कुणी मला कोपऱ्यात गाठतंच. "अहो, ती लिव्हरवाली रायफल घ्यायचं मनात होतं. पण दुकानदार म्हणाला, ती पिस्तुलाच्या काडतुसावर चालते. मग ती रायफल कसली? लाकडी दस्ता लावलेलं पिस्तूलच की ते!" गेल्या वर्षी हे वाक्य मी तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकवणारे गृहस्थ मेकॅनिकल इंजिनिअर निघाले, तेव्हा मात्र लिहायला बसलो.

'मॅकेनाज गोल्ड'च्या पिढीला लिव्हरवाली रायफल म्हणजे काय ते सांगायला नको. चापाभोवतीचं लोखंडी कडं खाली ढकललं की रिकामी पुंगळी उडून बाहेर पडते आणि घोडा चढतो. कडं वर घेतलं की नवं काडतूस आत शिरतं. ही काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या एका नळीत एकामागे एक आडवी झोपलेली असतात. या रायफलींचं एक मोठं घराणं .३५७ मॅग्नम, .४४ मॅग्नम, .४५ कोल्ट अशा मुळात रिव्हॉल्व्हरसाठी जन्मलेल्या काडतुसांवर जगतं. बोलताना आपण सगळ्यांनाच 'पिस्तूल' म्हणतो, तसंच इथेही म्हणू.

तर गैरसमज असा की ताकद काडतुसात असते, नळीत नसते. काडतूस तेच असेल तर कशातूनही झाडा, फरक शून्य.

काडतुसात ताकद नसते हो, दारू असते. ती जळते, तिचा वायू होतो आणि तो वायू गोळीला ढकलतो. पण ढकलणार किती वेळ? गोळी नळीत आहे तोवर. बंद पडलेली फियाट ढकलायला चार माणसं लावली आणि चार पावलांवर ती थांबली, तर गाडी किती वेग घेईल? तीच माणसं अठरा पावलं धावली तर? माणसं तीच, गाडी तीच. पुढच्या प्रत्येक पावलाला ती थोडी दमतात हे खरं, म्हणून वेग साडेचार पट होत नाही. पण चार पावलांएवढाच राहतो असं फियाट ढकललेला कुणी म्हणणार नाही.

रिव्हॉल्व्हरची नळी चार ते सहा इंच. .३५७ची गोळी तिच्या तोंडातून निसटते तेव्हा मागे भरपूर दाब शिल्लक असतो. उन्हं उतरल्यावर रेंजवर उभं राहून पाहा: चाप ओढल्याबरोबर नळीच्या तोंडाशी डोक्याएवढा नारिंगी जाळ फुलतो आणि विझतो. गोळीच्या उपयोगी न पडलेला ऐवज तो. शिवाय रिव्हॉल्व्हरचं फिरतं चक्र आणि नळी यांच्यात कागद सरकेल एवढी फट असते, तिच्यातूनही दोन्ही बाजूंना वायू फसफसतो. रायफलीला ती फट नाही आणि नळी सोळा ते वीस इंचांची. तेच काडतूस रायफलीतून झाडलं की जाळ जवळजवळ दिसत नाही, आवाज खाली येतो आणि खांद्याला हलकासा धक्का बसतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. रेमिंग्टन कंपनीच्या छापील तक्त्यांत .३५७ मॅग्नमची १५८ ग्रेनची, म्हणजे सुमारे १० ग्रॅमची, गोळी दोन ठिकाणी सापडते. हातातल्या शस्त्रांच्या तक्त्यात तिचा वेग सेकंदाला १,२३५ फूट आणि ऊर्जा ५३५ फूट-पाउंड. रायफलींच्या तक्त्यात वेग १,८३० फूट आणि ऊर्जा १,१७५ फूट-पाउंड. वेग जवळपास दीडपट, ऊर्जा दुपटीहून जास्त. मी एकाच खोक्यातली काडतुसं रिव्हॉल्व्हर आणि रायफल, दोन्हींतून वेग मोजायच्या यंत्रावरून झाडून पाहिली आहेत. माझ्या वहीतले आकडे याच्याच अलीकडे-पलीकडे आहेत. आणखी एक आकडा त्या इंजिनिअर गृहस्थांसाठी: रायफलीतून सुटलेल्या याच गोळीत १०० यार्डांवर ७१५ फूट-पाउंड उरतात. रिव्हॉल्व्हरच्या तोंडाशी असतात त्याहून जास्त.

माझ्या आजोळी कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, दहा वर्षांच्या माझ्याहून उंच. मामा चौथी शिकलेला. कुणी तरी म्हणालं, एवढी लांबडी कशाला, रानात अडकते, कापून टाक. मामा एवढंच म्हणाला, "नळी तोडली की बार मेला."

मात्र हे पटलं की लोक लगेच पलीकडच्या टोकाला जाऊन बसतात. "म्हणजे .३५७ची लिव्हर रायफल ही .३०-३० सारखीच झाली!" नाही झाली. .३०-३० हे १८९५ पासूनचं खरंखुरं रायफलीचं काडतूस. रेमिंग्टनच्याच तक्त्यात त्याची १५० ग्रेनची गोळी २,३९० फुटांनी निघते, १,९०२ फूट-पाउंड घेऊन. २०० यार्डांवर तिच्यात ८५८ उरतात; .३५७मध्ये १०० यार्डांवर ७१५. पिस्तुलाच्या गोळ्या बुटक्या आणि बोथट असतात, हवा त्यांना लवकर अडवते. १०० यार्डांपर्यंत ही रायफल गुणी आहे, १५० यार्डांवर तिच्याकडून हरणाची अपेक्षा धरणं म्हणजे हरणावर अन्याय.

आणि सगळीच पिस्तुली काडतुसं लांब नळीत एवढी फुलत नाहीत. ९ मिलिमीटरच्या छोट्या पुंगळीत थोडी, झटकन जळणारी दारू असते. पहिल्या काही इंचांतच तिचं बहुतेक काम आटोपतं. आपली फियाट ढकलणारी माणसं सहाव्या पावलालाच धापा टाकायला लागतात असं समजा. सोळा इंची नळीतून साधारण शंभर-दोनशे फुटांची भर पडते, बस. साध्या .३८ स्पेशलचंही तेच. म्हणून "पिस्तुलाचं काडतूस रायफलीत घ्यावं का" या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणतं काडतूस, ते आधी सांगा. मॅग्नम असेल तर नळीचे पैसे वसूल होतात. नसेल तर रायफलीची पकड आणि नेम मिळतो, ताकद फारशी मिळत नाही.

दुकानदार मंडळी एक वाक्य आवडीनं ऐकवतात: ".३५७ घ्या, .३८ स्पेशलही त्यातच चालतं, स्वस्तात सराव." चेंबरमध्ये चालतं हे बरोबर आहे. दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच, .३८ची पुंगळी इंचाच्या साधारण आठव्या भागाने आखूड. अडचण चेंबरमध्ये नाही, तिथे पोचण्याच्या वाटेवर आहे. लिव्हर रायफलीत काडतूस वर उचलणारा एक भाग असतो. विंचेस्टर १८७३च्या धाटणीच्या रायफलीत तो पितळी ठोकळा असतो आणि काडतुसाच्या लांबीशी बेतलेला असतो. काडतूस फार आखूड असलं तर मागच्याचं नाक ठोकळ्यात घुसतं आणि कडं अर्ध्यावर अडतं. मग भर रेंजवर पेचकस शोधत बसा. एखादी रायफल .३८ लोण्यासारखी गिळते, दुसरी तिसऱ्या काडतुसाला रुसते. अर्धवर्तुळी नाकाची गोळी जाते, सपाट कडेची अडते. घेण्याआधी त्याच रायफलीत डमी काडतुसं भरून कडं दहा-वीस वेळा जोरात फिरवून पाहावं. जोरातच, हळुवारपणे कडं फिरवणाऱ्यांच्या रायफली जास्त अडकतात.

आता सिनेमानं करून ठेवलेलं एक पाप. काउबॉयच्या कमरेला .४५ कोल्ट आणि खोगिराला त्याच काडतुसाची विंचेस्टर १८७३, एकच पट्टा दोघींना, हे चित्र डोक्यात इतकं घट्ट बसलंय की लोक "अस्सल जोडी हवी" म्हणून .४५ कोल्टची लिव्हर रायफल मागतात. ती जरूर घ्या, चांगली असते. पण अस्सल म्हणू नका. विंचेस्टरनं १८७३ची रायफल .४४-४० या काडतुसासाठी काढली, पुढे .३८-४० आणि .३२-२० आली. .४५ कोल्टमध्ये ती त्या काळी कारखान्यातून निघालीच नाही. त्या काडतुसाच्या बुडाची कड तेव्हा इतकी अरुंद होती की रायफलीच्या आकड्याला पुंगळी खेचून काढायला धड पकड मिळत नसे, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण. एकाच पट्ट्याची सोय खरी होती, पण ती उलट्या दिशेनं आली: कोल्टनंच १८७०च्या दशकाच्या शेवटी आपलं रिव्हॉल्व्हर .४४-४०मध्ये काढलं. .४५ कोल्टच्या १८७३ आज इटलीत बनतात. सिनेमाचं काय सांगावं! १९३९च्या 'स्टेजकोच'मध्ये गोष्ट १८८०च्या आसपासची आणि जॉन वेनच्या हातात गरगर फिरतेय ती १८९२ची विंचेस्टर.

ही १८९२ जॉन ब्राउनिंगची. १८७३च्या आतल्या कडीजोडाच्या नाजूक रचनेच्या जागी त्यानं दोन उभ्या पोलादी खुंट्यांनी कुलूप घालणारी रचना बसवली. दुकानात दोघी सारख्याच जुनाट दिसतात म्हणून 'एकच माल' समजू नका. नेहमी दमदार मॅग्नम झाडायची असतील तर १८९२च्या वंशातली किंवा मार्लिन १८९४ पाहावी. १८७३ची चाल मात्र रेशमी. नेमबाजीच्या खेळात लोक तिच्यावर जीव टाकतात ते उगीच नाही.

बाकी गैरसमजांना एकेक ओळ पुरे. 'हेन्री' नावाच्या आजच्या कंपनीचा १८६०च्या हेन्री रायफलीच्या कारखान्याशी संबंध नाही, ती १९९०च्या दशकातली. 'विंचेस्टर' नावाच्या नव्या लिव्हर रायफली जपानात मिरोकू बनवते आणि फार देखण्या बनवते. टोकदार गोळी लांब जाते म्हणून ती या रायफलीत भरू नये: खालच्या नळीत प्रत्येक गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकलेलं असतं, धक्क्यासरशी आतच बार उडू शकतो. सपाट नाकाची, नाहीतर मऊ टोकाची मुद्दाम बनवलेली गोळीच हवी. "लिव्हरवाल्यांना नेम नसतो" हे सांगणाऱ्यांनी बहुधा कारखान्यातली जाडीभरडी माशी कधी बदललेली नसते. एच-वन-बी व्हिसावर बंदूक घेताच येत नाही, हेही पूर्ण खरं नाही. एरवी मनाई आहे, पण चालू शिकार परवाना असेल तर संघराज्याच्या कायद्यात अपवाद आहे. मात्र ग्रीनकार्डवाल्या मित्राच्या नावावर आपली बंदूक घेणं हा साधासुधा नव्हे, तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. मंडळात हसत हसत सुचवला जाणारा हा 'उपाय' ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो.

मग घ्यावी कोणती? ओहायोत हा प्रश्न कोरडा नाही. इथे हरणासाठी बरीच वर्षं काडतुसाच्या रायफली चालत नसत. २०१४ पासून सरळ भिंतीच्या पुंगळीच्या रायफलींना परवानगी मिळाली. .३०-३०ची पुंगळी गळ्याशी निमुळती, म्हणून ती बाहेर. आपली पिस्तुली काडतुसं आत. हरणासाठी गोळीत निशाण्यावर हजार फूट-पाउंड असावेत असा शिकाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची गोळी रायफलीतून १,६५० घेऊन निघते आणि १०० यार्डांवर १,०१५ राखते. .३५७ तिथे ७१५वर येते. तेव्हा हरीण हेच मुख्य काम असेल तर .४४ घ्या. रेंजवर रविवार घालवायचे असतील, घरातल्या सगळ्यांना झाडता यावी असं वाटत असेल आणि हरीण साठ-सत्तर यार्डांच्या आतलंच घेईन एवढा संयम असेल, तर .३५७. घरात आधीच .४५ कोल्टचं रिव्हॉल्व्हर असेल तर .४५, पण जोरदार भरलेली काडतुसं १८७३मध्ये घालू नका.

आणि नळीत दहा काडतुसं बसतात म्हणून कुणी हुरळून जाऊ नये. ओहायोत रायफल घेऊन हरणाच्या शिकारीला निघाल्यावर चेंबर आणि मॅगझिन मिळून तीनच भरता येतात.