पहिली इटली ट्रिप: कुठे रेल्वे, कुठे भाड्याची गाडी, आणि मोबाइलवरून हे सगळं कसं ठरवायचं?

इटलीहून परत येऊन सात-आठ महिने झाले होते. एका शनिवारी पोस्टमन चिंचवडच्या घरी जाड पाकीट देऊन गेला. आत इटालियनमध्ये छापलेली पानं, माझं नाव, भाड्याच्या गाडीचा नंबर आणि दोन वेळा: संध्याकाळी ६ वाजून काही मिनिटं, आणि त्यानंतर चार मिनिटांनी पुन्हा. दोन कॅमेरे, दोन दंड. बाबा म्हणाले, "अरे, तू तर सिग्नल एकही तोडला नव्हतास!" खरंच तोडला नव्हता. तरीही चूक माझीच होती, ती कशी ते पुढे सांगतो.

हा लेख लिहायचं कारण म्हणजे चाकण-भोसरी पट्ट्यातून इटलीला जाणारे बरेच आहेत. ब्रेक बनवणाऱ्या ब्रेम्बोचा कारखाना चाकणला आहे आणि मुख्यालय तिकडे बेर्गामोजवळ. फियाटमुळे रांजणगावचं आणि पियाज्जोमुळे बारामतीचं इटलीशी जुनं नातं आहे. कंपनीने पाठवलं की तिकडे सगळी सोय झालेली असते. पण स्वतःच्या पैशाने, आई-बाबांना घेऊन पहिल्यांदा जाताना सगळं आपल्या मोबाइलवरूनच जुळवावं लागतं.

आपली सवय इथेच आडवी येते

चाकणला रेल्वे स्टेशन नाही. कंपनीची बस, नाहीतर आपली गाडी, आणि मग तळेगाव-चाकण रोडवर किंवा नाशिक फाट्याला अडकून बसायचं. त्यामुळे प्रवास म्हटलं की आपल्या डोक्यात आधी गाडी येते. बाबांनी नकाशा बघून लगेच सांगितलं, "मिलानलाच गाडी घे, रोमला सोड. किती किलोमीटर आहे असं?"

किलोमीटरचा प्रश्न नाहीच. मिलान, व्हेनिस, फ्लोरेन्स, रोम ही चारही शहरं हायस्पीड रेल्वेने जोडलेली आहेत. मिलान ते रोम सुमारे तीन तास, फ्लोरेन्स ते रोम साधारण दीड तास. शिवाय व्हेनिसच्या जुन्या शहरात गाडी चालतच नाही आणि बाकीच्यांच्या जुन्या भागात ती नेणं म्हणजे दंडाला आमंत्रण. उलट टस्कनीतल्या टेकड्या, पिएन्झा-मोंतेपुलचानोसारखी छोटी गावं किंवा डोलोमाइट्सचे डोंगर बघायचे तर गाडी हवीच. तिथे बसची वाट बघण्यात दिवस जातो. म्हणून शहर ते शहर रेल्वे आणि मधले तीन दिवस गाडी, असं मी ठरवलं. पहिल्या ट्रिपला मी कुणालाही हेच सुचवेन.

रेल्वे: आयआरसीटीसीचं डोकं थोडं बाजूला ठेवा

हायस्पीड मार्गांवर दोन कंपन्या आहेत. एक सरकारी त्रेनइतालिया, तिच्या वेगवान गाड्यांचं नाव फ्रेच्चारोसा. दुसरी २०१२ मध्ये सुरू झालेली खासगी इतालो. दोन्हींची अ‍ॅप्स इंग्रजीत चालतात. तिकीट शक्यतो त्यावरूनच काढा. गुगलवर वर वर दिसणाऱ्या मध्यस्थ वेबसाइट वरून फी लावतात.

आपल्याकडे बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, आणि मग वेटिंग लिस्ट, आरएसी, तत्काळ. तिकडे वेटिंग लिस्ट हा प्रकारच नाही. हायस्पीड गाडीचं तिकीट मिळालं म्हणजे सीट मिळाली. भाव मात्र विमानासारखे हलतात. महिने-दोन महिने आधी घेतलं तर बरंच स्वस्त, आदल्या दिवशी घेतलं तर डोळे पांढरे होतात. त्रेनइतालियाच्या अ‍ॅपमध्ये एकाच गाडीला सुपर इकॉनॉमी, इकॉनॉमी, बेस असे भाव दिसतील. सुपर इकॉनॉमी सगळ्यात स्वस्त, पण ते बदलता येत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. व्हिसा हातात येण्याआधी हे तिकीट घेऊ नका! व्हिसाच्या अर्जाला प्रवासाचा आराखडा लागतो म्हणून काही जण घाईने सगळं बुक करून टाकतात आणि मग तारीख सरकली की पैसे बुडतात. आधी घ्यायचंच असेल तर बेस घ्या. किमतीत स्वल्पविराम दिसेल, म्हणजे २९,९० युरो. ते एकोणतीस युरो नव्वद सेंट आहेत, दोन हजार नऊशे नव्वद नाहीत. आईने ते बघून ट्रिपच रद्द करायला सांगितलं होतं.

दुसऱ्या प्रकारच्या गाड्या म्हणजे रेजिओनाले, आपल्या पुणे-लोणावळा लोकलच्या भावंडं म्हणा. भाडं ठरलेलं असतं, सीट नंबर नसतो, त्यामुळे आधी बुक करून काही फायदा नाही. इथे नवखी माणसं एका गोष्टीत हमखास फसतात. कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्याआधी प्लॅटफॉर्मजवळच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर वेळ छापून घ्यावी लागते. मोबाइलवरचं तिकीट असेल तर चढण्याआधी त्याचं चेक-इन करावं लागतं. हे केलं नाही तर तिकीट काढलेलं असूनही टीसी दंड लावू शकतो, कारण त्याच्या दृष्टीने ते तिकीट अजून वापरलेलंच नाही. चेक-इनला इंटरनेट लागतं, म्हणून नेटवर्क आणि बॅटरी दोन्ही जागेवर आहेत ना ते स्टेशनातच बघा.

स्टेशनची नावंही नीट बघून टाका. अ‍ॅपमध्ये फ्लोरेन्स म्हणजे फिरेंझे आणि तुम्हाला हवं असतं फिरेंझे सांता मारिया नोव्हेला. बोर्डावर नुसतं एस. एम. एन. लिहिलेलं असतं. व्हेनिसची दोन स्टेशनं आहेत. व्हेनेझिया मेस्त्रे अलीकडे जमिनीवर आणि व्हेनेझिया सांता लुचिया पाण्यापलीकडे खऱ्या व्हेनिसमध्ये. पुण्याऐवजी शिवाजीनगरला उतरलात तर रिक्षा मिळते, पण मेस्त्रेला उतरलात तर बॅगा घेऊन पुन्हा गाडी पकडा. बोर्डावर 'पार्तेंझे' म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, 'बिनारियो' म्हणजे प्लॅटफॉर्म, 'रितार्दो' म्हणजे उशीर. मोठ्या स्टेशनात प्लॅटफॉर्म नंबर सुटायच्या थोडाच वेळ आधी झळकतो. तोवर सगळे बोर्डाकडे मान वर करून उभे, हे बघून दादरची आठवण येते.

अजून एक शब्द लक्षात ठेवा, 'शोपेरो'. म्हणजे संप. तिकडे रेल्वेचे संप होतात, पण आधी जाहीर करून. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत प्रादेशिक गाड्यांची किमान सेवा राखली जाते, आणि लांब पल्ल्याच्याही काही ठरलेल्या गाड्या धावतात. निघायच्या आठवड्यात हा शब्द तारखेसोबत सर्च करून बघा.

पेमेंट: यूपीआयची सवय झालीय ना?

स्टेशनच्या मशीनवर यूपीआय नाही. कार्ड लागतं आणि आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते आपणच चालू करायचे. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्ड सेटिंग्जमध्ये जाऊन ऑनलाइन, दुकानातलं स्वाइप आणि टॅप करून पैसे देणं हे तिन्ही वेगवेगळं चालू करा आणि मर्यादा घाला. ऑनलाइन तिकिटासाठी ओटीपी येतो तो भारतीय नंबरवर. तिकडे डेटासाठी ई-सिम घेतलंत तरी आपलं सिम फोनमध्ये राहू द्या आणि त्यावर रोमिंग आहे ना याची खात्री घरूनच करा. खरं सांगायचं तर मोठी तिकिटं घरी बसूनच काढून ठेवावीत.

गाडी: कागद आधी, चावी नंतर

आपलं लायसन्स एकटं तिकडे पुरत नाही. सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. ते आरटीओच देतं, कुठलीही खासगी वेबसाइट नाही. एमएच-१४ वाल्यांचं आरटीओ मोशीला. परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, फॉर्म ४-ए, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. २०२२ पासून देशभर त्याचा नमुना एकच आहे आणि त्यावर क्यूआर कोड असतो. परमिटसोबत मूळ लायसन्सचं प्लास्टिक कार्ड हवंच. डिजीलॉकर पोलिसमामांना नाशिक फाट्यावर चालतं, इटलीच्या काउंटरवर त्याच्या भरवशावर जाऊ नका.

तुम्ही पंचविशीच्या आत असाल तर बहुतेक कंपन्या 'यंग ड्रायव्हर' म्हणून रोजचा जादा आकार लावतात. बुकिंगच्या पहिल्या पानावर तो दिसत नाही, म्हणून ड्रायव्हरचं वय खरं टाकूनच किंमत बघा. आणखी एक गोष्ट, ड्रायव्हरच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड. माझ्या कंपनीतल्या एका मित्राने पूर्ण पैसे ऑनलाइन भरले होते. काउंटरवर त्याने डेबिट कार्ड पुढे केलं, क्रेडिट कार्ड वडिलांच्या नावाचं होतं. गाडी मिळाली नाही आणि भरलेले पैसेही परत आले नाहीत. नियम अटींमध्ये लिहिलेला होता, त्याने वाचला नव्हता. या कार्डावर डिपॉझिटची रक्कम अडकवून ठेवतात. तेवढी मर्यादा शिल्लक हवी, नाहीतर पुढचं हॉटेल कशातून भरणार?

विम्यातली मेख अशी: साधा विमा भाड्यात असतो, पण नुकसानीचा पहिला ठराविक भाग तुमच्याकडून जातो. बुकिंग वेबसाइट 'फुल कव्हर' म्हणून जे विकते, ते बहुतेक वेळा दुसऱ्याच विमा कंपनीचं असतं. म्हणजे काउंटरवाला डिपॉझिट पूर्णच अडकवतो, पैसे तुमच्याकडून घेतो, आणि ते तुम्ही नंतर विमा कंपनीकडे मागायचे. वाईट नाही, पण माहीत असावं. गाडी घेताना आणि देताना चारही बाजूंनी, चाकांच्या रिमसकट, मोबाइलवर व्हिडिओ काढा.

गिअरची गाडी तिकडे सर्रास, ऑटोमॅटिक महाग. मी ऑटोमॅटिकचे जादा पैसे दिले आणि त्याचं वाईट वाटत नाही. उजव्या बाजूने चालवायचं, त्यात उजव्या हाताने गिअर, हे पहिल्याच दिवशी कशाला? इंडिकेटरची दांडी डावीकडे असते. चाकणच्याच फोक्सवॅगन किंवा स्कोडा चालवणाऱ्यांना याची सवय आहे. माझ्यासारखे बाकीचे वळणावर वायपर लावतात.

टोलला फास्टॅगसारखी त्यांची टेलेपास लेन असते, पिवळ्या रंगाची. भाड्याच्या गाडीत ते यंत्र घेतलं नसेल तर त्या लेनमध्ये शिरू नका. आत जाताना मशीनचं तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना रोख किंवा कार्डाच्या लेनमध्ये पैसे भरायचे. मिलानच्या उत्तरेला ए-३६ सारख्या काही रस्त्यांवर टोलनाकाच नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि १५ दिवसांत आपण ऑनलाइन भरायचं. मालपेन्सा विमानतळावरून कोमो तलावाकडे जाताना नॅव्हिगेशन या रस्त्यावर सहज नेतं आणि कळतही नाही. पंपावर 'गाझोलियो' म्हणजे डिझेल आणि 'बेंझिना' म्हणजे पेट्रोल. शब्दांच्या भासावर जाऊ नका. पार्किंगच्या निळ्या पट्ट्या पैसे देऊन, पांढऱ्या फुकट, पिवळ्या राखीव.

आणि ते पाकीट

इटलीतल्या बहुतेक जुन्या शहरांच्या मध्यभागी झेडटीएल असतो, म्हणजे ठराविक वेळी फक्त परवान्याच्या गाड्यांसाठी मोकळा भाग. ना बॅरिकेड, ना पोलीस. लाल कडेचा पांढरा गोल बोर्ड आणि वर कॅमेरा, बस्स. काही ठिकाणी खाली दिव्यांची पाटी असते, 'वार्को आत्तिवो'. मी अंदाज बांधला, गेट चालू आहे म्हणजे जाता येतं. अर्थ बरोबर उलटा: कॅमेरा चालू आहे, जाऊ नका. 'नॉन आत्तिवो' असेल तेव्हा जाता येतं. टस्कनीतल्या एका गावात हॉटेल शोधताना मी आत गेलो एका कॅमेऱ्याखालून, चूक लक्षात आल्यावर घाबरून बाहेर पडलो आणि वळसा घालून पुन्हा दुसऱ्याखालून आत शिरलो. प्रत्येक वेळी वेगळा दंड.

या दंडाची कायद्यातली चौकट ८३ ते ३३२ युरो आहे. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरला तर किमान रकमेवर ३० टक्के सूट मिळते. परदेशात राहणाऱ्यांना नोटीस पाठवायला त्यांच्याकडे ३६० दिवस असतात, म्हणून ती इतकी उशिरा येते. त्याआधीच गाडीवाली कंपनी तुमच्या कार्डावरून काही युरो कापते. ते तुमचं नाव-पत्ता पालिकेला कळवल्याची फी आहे, दंड नव्हे. 'पैसे तर कापले गेलेत' म्हणून नंतरचं पाकीट बाजूला टाकू नका.

नकाशाचं अ‍ॅप प्रत्येक वेळी इशारा देईल असं समजू नका. हॉटेलचा पत्ता मिळाला की त्या गावाच्या नावासोबत झेडटीएल लिहून पालिकेचा नकाशा शोधा. मग स्ट्रीट व्ह्यूमध्ये शेवटचे दोन-तीन रस्ते घरबसल्या चालवून बघा, बोर्ड दिसतो. हॉटेल आतच असेल तर आधी मेसेज करून विचारा, बरीच हॉटेलं पाहुण्यांच्या गाडीचा नंबर पालिकेला कळवू शकतात. गाडीचा नंबर मात्र चावी हातात आल्यावरच कळतो, म्हणून तो काउंटरवरूनच व्हॉट्सअ‍ॅप करा.

फ्लोरेन्सला गाडी घ्यायची असेल तर शहराच्या मध्यातल्या ऑफिसपेक्षा विमानतळावरची घ्या. सांता मारिया नोव्हेला स्टेशनवरून टी-२ ट्राम थेट तिथे जाते, आणि तिथून सिएनाकडे जाणारा बिनटोलचा रस्ता शहरात न शिरता गाठता येतो. परतताना टाकी भरून तिथेच सोडायची, ट्रामने स्टेशनवर यायचं आणि रोमची गाडी पकडायची. मध्ये तीन तास तरी ठेवा. आम्ही दीड तास ठेवला होता आणि आईला सांता मारिया नोव्हेलाच्या प्लॅटफॉर्मवर बॅग ओढत पळावं लागलं.