पावसाळ्यात पॉलिश पांढरे का पडते?

चाकण, भोसरी, पिंपरी-चिंचवड या औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांत यंत्रांचे सुटे भाग मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून येतात. खोकी फोडली की त्यांचे फिकट पिवळे पाइन लाकूड वखारीत विकायला जाते आणि त्यातून टेबले, दिवाण, चौरंग तयार होतात. अशा एखाद्या फळीवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह आणि शेजारी ‘एचटी’ अशी अक्षरे दिसली, तर समजावे की कीड मरावी म्हणून हे लाकूड गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेले आहे.

गणपती जवळ आले की चौरंगांना लाखेचे पॉलिश करून घेण्याची घाई सुरू होते. पण हे दिवस पावसाचे! सकाळी आरशासारखे चमकणारे पॉलिश पाहता पाहता दुधाळ, धुरकट होते. गिऱ्हाईक म्हणते, ‘माल भेसळीचा.’ मालक म्हणतो, ‘हात कच्चा.’ आणि कारागिराची मजुरी अडकते. मित्रांनो, यात खरा दोष कोणाचा? आपण भौतिकशास्त्राला विचारू या.

लाख म्हणजे काय?

लाखेचा इवलासा किडा पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांतील रस शोषतो आणि अंगाभोवती राळेचे कवच तयार करतो. हीच लाख. आपल्या विदर्भात गोंदिया, गडचिरोली भागातही ती होते. लाखेच्या अभ्यासासाठी १९२४ साली रांची येथे खास संशोधन संस्था स्थापन झाली. लाख शुद्ध करून तिचे पातळ पापुद्रे केले की झाला चपडा. १ लिटर स्पिरिटमध्ये सुमारे १५० ते २०० ग्रॅम चपडा रात्रभर भिजत ठेवला की पॉलिश तयार होते. पाइनच्या गाठींतून टर्पेंटाइन असलेली चिकट राळ पाझरते. वाळलेली लाख टर्पेंटाइनमध्ये विरघळत नाही, म्हणून जाणता कारागीर आधी गाठींवर लाखेचा हात मारून त्या बंद करतो.

चमक येते कोठून?

कोऱ्या लाकडाचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि त्याच्या छिद्रांत हवा असते. हवेचा अपवर्तनांक १ आणि लाकडाच्या तंतूंचा सुमारे १.५ असल्याने प्रकाश प्रत्येक सीमेवर वळतो, परावर्तित होतो आणि चहूकडे विखुरतो. म्हणून लाकूड फिकट व निस्तेज दिसते. लाखेचा अपवर्तनांकही सुमारे १.५ आहे. ती छिद्रांतील हवेची जागा घेते, तेव्हा प्रकाश न अडखळता आत शिरतो आणि लाकडाचा रंग व रेषा उठून दिसतात. शहाबादी फरशी ओली झाली की गडद दिसते, त्याचेही कारण हेच. वरचा थर सपाट झाल्याने परावर्तन नियमित होते आणि चमक येते.

मग पांढरेपणा कशाचा?

पॉलिश वाळते म्हणजे त्यातील स्पिरिट उडून जाते. १ ग्रॅम स्पिरिटची वाफ होण्यास सुमारे २०० कॅलरी उष्णता लागते. एवढ्या उष्णतेने १० ग्रॅम पाणी २० अंशांनी तापेल! ही उष्णता लाकडाच्या पृष्ठभागातून घेतली जाते, म्हणून तो थंड होतो.

आता दोन दिवसांची तुलना करा. कोरड्या दिवशी तापमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे १५ अंश असतो. पृष्ठभाग १५ अंशांनी थंड झाल्याखेरीज दव पडणार नाही. पावसाळ्यात तापमान २६ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २३ अंश! तेव्हा पृष्ठभाग केवळ ३ अंशांनी थंड झाला तरी पुरे, हवेतील बाष्प ओल्या पॉलिशवर दव होऊन जमते. लाख पाण्यात विरघळत नाही. पाणी मिसळताच ती अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने वेगळी होते. हे कण व त्यांच्यामधल्या पोकळ्या यांवरून प्रकाश विखुरतो. साबणाचा फेस पांढरा दिसतो, तसाच हा थरही पांढरा दिसतो.

म्हणजे कारागिराचा हात चांगला आणि चपडाही अस्सल असला, तरी हवा चुकीची असू शकते!

उपाय

पाऊस उघडलेल्या कोरड्या दुपारी काम करावे. थर अगदी पातळ द्यावेत. थर पातळ असला की स्पिरिट थोडे उडते आणि गारवा फार वेळ टिकत नाही. लाखेचा नवा थर जुन्याला किंचित विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो, त्यामुळे अनेक पातळ थरांचाही शेवटी एकच थर बनतो. पांढरे पडलेले पॉलिश खरवडण्याची घाई करू नये. कोरड्या दिवशी स्पिरिटने जेमतेम ओलावलेला बोळा त्यावरून हलकेच फिरवला, तर लाख पुन्हा मऊ होते, अडकलेले पाणी निघून जाते आणि बहुधा चमक परत येते.

करून पाहा

एका तापमापकाच्या फुग्याला कापूस गुंडाळा आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली त्यावर स्पिरिटचे काही थेंब टाका. पारा किती उतरतो ते पाहा. नंतर दोन काचपट्ट्यांवर पॉलिशचा सारखाच थर द्या, एकीवर कोरड्या दुपारी, दुसरीवर पावसाच्या संध्याकाळी. दर वेळी हवेतील आर्द्रतेची नोंद करा. मात्र स्पिरिटची वाफ साध्या तापमानालाही पेट घेते, तेव्हा जवळ ज्योत नको आणि खिडक्या उघड्या हव्यात. पॉलिशच्या स्पिरिटमध्ये विषारी मिथेनॉल असू शकते. त्याचा एक घोटही डोळे किंवा जीव घेऊ शकतो.

तुमच्या नोंदवहीतील आकडे गल्लीतल्या पॉलिशवाल्या काकांना जरूर दाखवा. पुढच्या वेळी गिऱ्हाइकाला उत्तर देताना ते त्यांच्या कामी येतील.